तुळशीराम काही नियम शिकला नाही

अध्यक्ष निकोसे गुरुजी, तुळशीरामची पोरगी सुजाता, वस्तीतले भाऊ-बहिणी, अन् हिंगण्याहून शिफ्ट सुटल्यावर अंगावरचे कपडेही न बदलता सरळ इथं आलेले आमच्या कंपनीतले दोस्त, सगळ्यायले जयभीम.

गुरुजी मले म्हणे, ढोके, तू बोल, तू त्याच्या जवळचा. मी म्हटलं, गुरुजी, मले नका उभं करू. मले रडू येऊन नाही राहिलं. मले राग येऊन राहिला आहे. शोकसभेत राग कसा बोलायचा? गुरुजी म्हणे, जे येईन ते बोल. आता तुम्हीच उभं केलं आहे, तं ऐकून घ्या. मधात थांबवू नका.

मघापासून मी मागं बसून एकेकाचं ऐकून राहिलो होतो. सगळ्यायनं चांगलंच म्हटलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलतात, रीतच आहे. पण एकजण काय म्हणे? तुळशीरामजी गजभिये हे जपानी ग्रंथांचे गाढे अभ्यासक होते. नाव घेत नाही, समोरच बसले आहेत. अजी, कोणते ग्रंथ? एक पुस्तक होतं. एकच. अन् तुळशीरामले त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. माझा दोस्त बसचा ड्रायव्हर होता, अभ्यासक नव्हता. अभ्यास कर, अभ्यास कर म्हणून मीच त्याच्या मागं लागलो होतो. त्यानं केला नाही. माझं सारं भांडण तेच आहे.

ज्यायले माहीत नाही त्यायच्यासाठी सांगतो. तुळशीराम आमच्या कंपनीची बस चालवे. मी तिथंच गेटवर टाइमकीपर. सकाळी वस्तीतून बस निघे तेव्हा मी त्याच्या मागच्या सीटवर बसत होतो. दुसऱ्या कोणी ती जागा घेतली तं तुळशीराम गाडीच हलवत नसे. म्हणे, माहा कान तिथं बसते. इतक्या वर्षांत या माणसानं रिकाम्या चौकातही लाल दिवा तोडला नाही. समोर कुत्रं नाही, मांजर नाही, अन् हा ब्रेकवर पाय ठेवून बसलेला. मागून लोक ओरडत, चला ना जी, उशीर होऊन राहिला. हा म्हणे, दिवा आहे. असा माणूस. हे ध्यानात ठेवा, म्हणजे मी काहून चिडलो ते समजेन.

तं ते पुस्तक. एका साली विजयादशमीच्या गर्दीत काही जपानी यात्रेकरू आपल्या विहारात उतरले होते. सुजाता अन् तिच्या मैत्रिणीयनं त्यायले वरण-भात रांधून वाढला होता, आठवत असंन तुम्हाले. त्यायच्यात एक तरुण होता. जाताना तो एक जाडजूड पुस्तक सतरंजीवर ठेवून गेला. विसरला की मुद्दाम ठेवून गेला, कोणाले माहीत? आपण काय समजलो? जपानी माणूस, यात्रेले आलेला, विहारात ठेवून गेलेला, म्हणजे धम्माचंच पुस्तक. गुरुजी, तुम्हीच ते पिवळ्या कापडात बांधून वाचनालयाच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. हाव की नाही? तिथं ते कितीतरी दिवस राहिलं. कपाट उघडलं की लोक त्याले हात जोडत. मीही जोडले.

मग एका रविवारी झाडझूड करताना तुळशीरामनं ते कापड सोडलं. मी बाजूलेच होतो. आत पाहतो तं सारी चित्रं. कोट घातलेले लोक, तोंडात सिगरेटी, चौकोनी टेबल, टेबलावर साबणाच्या वड्यायसारखे छोटे ठोकळे, अन् चार जण एकमेकायकडं खाऊ का गिळू पाहून राहिलेले. मले वाटलं, धरणी फाटावी. मी म्हटलं, बाप्पा, आपण कशाले हात जोडत होतो? तुळशीराम खालीच बसला अन् पोट धरून हसला. त्या उन्हाळ्यातच त्याची बायको, कौसल्यावहिनी, गेली होती. त्यानंतर त्याले हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणून मीही त्याच्यासोबत हसलो.

मग त्यानं पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं. म्हणजे आपण उघडतो तसं, डावीकडून. आपल्याले दुसरं काय माहीत? पहिल्याच पानावर एका बाईचा फोटो. पुढं उदबत्ती जळून राहिलेली. अन् तिच्यासमोर एक माणूस मान खाली घालून बसलेला. तुळशीराम त्या पानावर लय वेळ थांबला. मग त्यानं पान उलटलं.

पुढच्या रविवारपासून वंदना झाली की थंडीच्या उन्हात विहाराच्या आवारात तुळशीराम ते पुस्तक घेऊन बसे. एकेक चित्र दाखवे अन् गोष्ट सांगे. तुम्ही सगळे होता. त्या जपानी माणसाचं नाव त्यानं बंडू ठेवलं. काळा चष्मा लावणारा जो दुष्ट माणूस होता, तो चष्मेवाला. बंडूची बायको मेलेली आहे, इथून गोष्ट सुरू. बंडू लय मोठा डाव जिंकलेला आहे, पण घरी कोणी नाही. मग बंडू काय करते? जिंकलेलं सारं परत देत जाते. हातातले ठोकळे एकेक करून टेबलावर परत ठेवत जाते. जसजसा तो देते, तसतशी बायको बरी होत जाते. फोटोतून खाटेवर येते, खाटेवरून उठते, चुलीपाशी उभी राहते. शेवटच्या पानावर दोघं एका वाडग्यातून शेवया खाऊन राहिले आहेत अन् हसून राहिले आहेत. संपली गोष्ट.

लोकायले वेड लागलं होतं त्या गोष्टीचं. ज्यायच्या घरी टीव्ही आला होता, तेही रविवारी टीव्ही सोडून येत. म्हाताऱ्या बाया चष्मेवाल्याचं चित्र आलं की म्हणत, याच्या पोटात पाप आहे वं माय, पाहा कसा घाम फुटला त्याले. अन् खरंच घाम काढलेला होता, कपाळावर, थेंब थेंब. चित्र काढणारा पट्टीचा असला पाहिजे. मीही ऐकत होतो. मलेही मजा येत होती, खोटं काहून सांगू?

पण माझ्या डोक्यात एक किडा होता. मी तुळशीरामले विचारलं, हे खेळून काय राहिले आहेत? हा ठोकळा टाकल्यावर तो काहून दचकला? तुळशीराम म्हणे, दचकला ना? बस. मी म्हटलं, अरे पण कशाले? तो म्हणे, त्याच्या चेहऱ्याकडं पाह्य. त्याले वाटलं नव्हतं हा असं करीन म्हणून. मी म्हटलं, पण असं म्हणजे कसं? खेळ समजल्याबिगर तुले मजा कशी येते गा? तो म्हणे, तुले रेडिओवर क्रिकेट ऐकताना येते तशी. मी म्हटलं, मले क्रिकेटचे नियम येतात. तो म्हणे, तुह्या बायकोले येत नाहीत, तरी ती तुह्यापेक्षा जास्त ओरडते. घरी जाऊन मी बायकोवर खेकसलो.

पुस्तकाची शिलाई उसवली होती. मी म्हटलं, दे, बांधून आणतो. त्याच दिवशी माझी दाढ ठणकत होती, म्हणून आधी सीताबर्डीवर एका चिनी दाताच्या डॉक्टरकडं गेलो. पुस्तक पिशवीत. डॉक्टरांचं लक्ष गेलं. त्यायनं ते हातात घेतलं, फिरवलं, अन् हसायले लागले. म्हणे, ये तो माहजोंग है। हमारे पिताजी कलकत्ते में रोज़ खेलते थे। मग मी पहिलं पान काढून दाखवलं, तं म्हणे, नहीं नहीं, ये तो आखिरी पन्ना है। जापानी किताब उधर से शुरू होती है।

तोंडात कापूस होता, नाही तं मी तिथंच ओरडलो असतो.

मग मी त्यायच्यामागं लागलो. दाढ एक होती, चकरा किती मारल्या विचारू नका. भला माणूस, शिकवलं त्यायनं. सोपंच आहे, रमीसारखं. एक ठोकळा उचलायचा, एक टाकायचा. तीन-तीनचे चार संच अन् एक जोडी लागली की जिंकलात. काही ठोकळ्यायवर बांबू, काहीयवर गोळे, काहीयवर चिनी अक्षरं, चार दिशांचे वारे. चार जणायशिवाय डाव बसत नाही. अन् सगळ्यात मोठी गोष्ट ही की दुसऱ्याले पाहिजे असलेला ठोकळा तुम्ही टाकला, तं तो उचलून जिंकते अन् तुम्ही मेलात. म्हणून टाकताना दहादा विचार करायचा. चष्मेवाल्याले घाम येते तो याच्यासाठी. मले हे समजलं अन् एकेक पान नवीन दिसाले लागलं. एकच गोष्ट डॉक्टरांनाही सांगता आली नाही. एका चित्रात बंडूच्या बोटात पांढरी काडी आहे, टेबलाच्या वर. डॉक्टर म्हणे, आमच्या खेळात अशी काडी नाही, जपान्यांचे नियम थोडे वेगळे आहेत. ती काडी मले आजपर्यंत समजली नाही. तुळशीराम म्हणे, त्यानं काडी उचलली. मी म्हणतो, ठेवली. चित्रात तं हात हलत नाही, आता कोणाले विचारायचं?

दुसऱ्या दिवशी बसमध्ये, अंबाझरीच्या पुढं, मी म्हटलं, तुळशीराम, एक सांगू?

तो म्हणे, सांग.

मी म्हटलं, आपण पुस्तक उलटं वाचून राहिलो. ते तिकडून सुरू होते.

त्यानं गिअर बदलला. मग म्हणे, मग?

मी म्हटलं, मग बंडूची बायको बरी होत नाही. आधी चांगली असते, मग आजारी पडते. अन् तो सगळ्यात मोठा डाव जिंकून घरी येते, तं ती गेलेली असते.

कंपनीचं गेट आलं. सगळे उतरले. मी उतरताना तो समोर पाहतच म्हणे, तुले कोणी विचारलं होतं गा?

सांगा मले, मी काय चुकीचं सांगितलं? सांगा ना. जे खरं आहे ते दोस्ताले सांगायचं नाही, तं कोणाले सांगायचं? माणसाले माहीत नाही तोवर ठीक. माहीत झाल्यावरही उलटं? मले वाटलं, येत्या रविवारी हा सरळ बाजूनं सुरू करीन. मी मुद्दाम पुढं जाऊन बसलो. यानं पुस्तक उघडलं तं पुन्हा डावीकडून. पुन्हा तोच फोटो, तीच उदबत्ती. माझ्याकडं एकदा पाहिलं अन् गोष्ट सुरू केली. लाल दिव्याले रिकाम्या चौकात थांबणारा माणूस. मी उठून घरी गेलो.

पण मीही ढोके आहे. मी सोडणारा नाही. आमच्या कंपनीतल्या मिस्त्रीकडून सागवानाचे ठोकळे कापून घेतले. घासले. घरी बसून ऑइल पेंटनं एकेक रंगवला. बायको म्हणे, पोरगी पाहायले पाहुणे येणार आहेत, दाराले रंग लावायचा सोडून हे काय करून राहिले? मी म्हटलं, होऊ दे. बांबूचा जो एक नंबर असते, त्याच्यावर पक्षी काढतात. तो पक्षी मले जमत नव्हता, कोंबडीसारखा होत होता. पण काढला. मग निकोसे गुरुजींना शिकवलं. सुजाताले शिकवलं. सुजाता तं असं झपाझप शिकली की गुरुजी अन् मी तोंडाकडं पाहत राहिलो. झाले तीन. चौथा कोण? ज्यानं हे सारं खूळ वस्तीत आणलं तो. दुसरा कोणी मले चालणारच नव्हता. लोक म्हणत, आम्ही शिकतो ना ढोकेजी. मी म्हणे, नाही. ती जागा तुळशीरामची आहे.

अन् तुळशीराम? रोज काही ना काही. आज पाय दुखून राहिला, आज गाडीचं काम आहे, आज पाणी भरायचं आहे. सुजाता म्हणे, बाबा, या ना, सोपं आहे. तो म्हणे, तुम्ही खेळा, मी पाहतो. मी म्हणे, तीन जणात डाव होत नाही. तो म्हणे, मग गप्पा मारा.

शेवटी एका रविवारी आला. कोणत्या बाप्पाची कृपा झाली कोणाले माहीत. बसला समोर. मी नियम सांगायले लागलो, तं कानावर हात ठेवले, म्हणे, उचलायचा अन् टाकायचा, इतकं मले माहीत आहे, सुरू कर. मी म्हटलं, चालेन, बसला तं खरं. डाव सुरू झाला. माझा हात असा लागून राहिला होता की काय सांगू. एकच ठोकळा पाहिजे होता, दक्षिणेचा वारा. मी चेहरा दगडासारखा ठेवला होता. तुळशीराम मात्र आपल्या ठोकळ्यायकडं पाहतच नव्हता. आमच्याकडं पाहून राहिला होता. एकदा गुरुजींकडं, एकदा पोरीकडं, एकदा माझ्याकडं. मग आपल्यातला एक ठोकळा उचलला अन् माझ्यासमोर ठेवला. दक्षिणेचा वारा.

मी म्हटलं, हा काहून टाकला?

तो म्हणे, तुले पाहिजे होता ना? घे.

मी जिंकलो. अन् माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, अरे, तुले समजते का, हीच तं सगळ्यात मोठी चूक आहे. दुसऱ्याले पाहिजे तो टाकायचा नसते. तू हारलास. तो म्हणे, बरं, हारलो. पुढच्या डावात सुजाताले दिला. त्याच्या पुढच्यात गुरुजींना. दर वेळी त्याले बरोबर दिसे कोणाची नजर कशावर अडून आहे, अन् तो काढून द्यायचा. म्हणे, घ्या गुरुजी, लय वेळचे वाट पाहून राहिले तुम्ही. गुरुजी, तुम्ही तं हसत होता. सुजाता डोळ्याले पदर लावून हसत होती. मी हातानं सारे ठोकळे पाडले. म्हटलं, हा काय खेळ आहे का? जो मागीन त्याले देऊन टाकायचं? मग जिंकायचं कोणी? तुळशीरामनं ठोकळे गोळा केले. तो पक्षी बोटात धरून पाहिला अन् म्हणे, ढोके, कोंबडी चांगली काढली तू. गेला निघून. त्यानंतर पुन्हा बसला नाही.

माझं म्हणणं इतकंच होतं की त्यानं एकदा, एकदाच, ते पुस्तक सरळ बाजूनं, नियमासकट पाहावं. कारण त्याच्यात शेवटचा जो डाव आहे, तुम्हाले कोणाले माहीत नाही तो काय आहे. तुम्ही तो पहिल्या पानायवर पाहिला अन् पुढं गेले. तिथं बंडू जो हात लावते, तसा हात माणसाले जन्मात एखाद्या वेळी लागते म्हणे. डॉक्टरांनी ते पान पाहून हातातला चिमटा खाली ठेवला होता. तो डाव मले तुळशीरामले दाखवायचा होता. एकेक ठोकळ्यावर बोट ठेवून सांगायचा होता. मले वाटे, हे समजलं तं हा माणूस खुर्चीवरून उठून नाचीन. ज्याले काहीच न समजता इतकी मजा येते, त्याले समजल्यावर किती येईन? हाच माझा हिशेब होता. दुसरा काही स्वार्थ नव्हता माझा.

मग त्याचं हे पोटाचं दुखणं निघालं. दवाखान्यात टाकल्यावर तुम्ही सगळे पाहून आलेच. मी शिफ्ट सुटली की जात होतो. एक दिवस दुपारी पाहतो तं सुजातानं ते पुस्तक आणून उशीजवळ ठेवलेलं. तुळशीराम एकदम वाळला होता. म्हणे, ढोके, वाच.

मी म्हटलं, कोणत्या बाजूनं?

तो म्हणे, तुह्या.

मी स्टूल ओढलं. सरळ बाजूनं उघडलं. शेवया, वाडगा, दोघं हसून राहिले. मग टेबल, मग पहिला डाव. मी सांगत गेलो. हा बांबू, हा गोळा, याले हा पाहिजे, म्हणून हा थांबला, म्हणून त्यानं तो टाकला नाही. तुळशीराम ऐकत होता. एकदा म्हणे, अच्छा, म्हणून घाम. मी म्हटलं, हाव, म्हणून घाम. पाहा, तुले समजते, पहिलेच बसला असता तं. तो म्हणे, पुढं. बाजूच्या खाटेवरचा माणूसही मान वळवून ऐकून राहिला होता. इतका आनंद मले कधी झाला नव्हता. दवाखान्यात बसून आनंद झाला म्हणतो, पण झाला.

पुस्तक अर्ध्यावर आलं. तिथं एक पान आहे. बंडूची बायको चुलीपाशी उभी आहे अन् तिनं एक हात भिंतीले लावला आहे. बस, इतकंच. दुखणं तिथून सुरू होते.

तुळशीराम म्हणे, थांब.

मी म्हटलं, दुखून राहिलं का? नर्सले बोलवू?

तो म्हणे, नाही. आता इथून माह्या बाजूनं.

मी म्हटलं, अरे, असं कसं? असं कोणी वाचते का? अर्ध्यातून मागं? तो डाव पुढं आहे, ज्याच्यासाठी मी हे सारं शिकलो. आता कुठं रंगात आलं. तुळशीराम माझ्याकडं पाहत राहिला. त्याचं ते पाहणं तुम्हाले माहीत आहे. काय पाहिजे ते मले दिसत होतं.

मी पानं मागं उलटली. जे आताच समजावून सांगितलं होतं, ते सारं उलटं. यानं टाकलेला ठोकळा पुन्हा याच्या हातात. घाम पुसला गेला. तिचा हात भिंतीवरून निघाला. त्यानं एकही नियम विचारला नाही. शेवयांच्या पानावर आलो, तं त्यानं ते पुस्तक माझ्या हातातून घेऊन छातीवर पालथं ठेवलं अन् म्हणे, कौसल्या अशीच खायची, तोंडात घास अन् बोलणं सुरू. मग झोपला. मी म्हटलं, उरलेलं उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी गेलो, तं तो शुद्धीवर नव्हता.

मले राग येऊन राहिला तो याचा. एक दिवस आणखी थांबला असता तं काय बिघडत होतं? अर्धं पुस्तक ऐकून कोणी जाते का? त्याले ते समजत होतं. "म्हणून घाम," असं तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला होता. अन् तरी मधातूनच परत फिरला, अन् मले फिरवून ठेवलं.

सुजातानं परवा ते पुस्तक माझ्या घरी आणून दिलं. म्हणे, काका, तुम्हालेच वाचता येते, तुमच्याकडं असू द्या. ती गेल्यावर मी पडवीत बसलो अन् सरळ बाजूनं उघडलं. कोणी अडवणारं नव्हतं. अर्ध्याच्या पुढं गेलो. त्या शेवटच्या डावावर आलो. एकेक ठोकळा मले समजला. त्यानं काय टाकलं, काहून टाकलं, चष्मेवाला कुठं चुकला, सारं समजलं. कुठं अडलो नाही.

मजा नाही आली, गुरुजी. काहीच मजा नाही आली.

मले आणखी काही बोलता येत नाही. उठा बाप्पा सगळे, उभे राहू. थोडा वेळ कोणी काही बोलू नका. तुळशीराम, तुह्यावर माहा राग आहे, तो काही गेला नाही. तो घेऊनच मी उभा राहतो गा.

जयभीम.